विकिपीडियाला नावे ठेवणाऱ्या मास्तरांस

परवा महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात एका सहकाऱ्यांनी मोठ्या मौजेने एक छापील कागद फिरवला. मराठी विकिपीडियावर एका दिवंगत कवीच्या नोंदीत, काव्यसंग्रहांची यादी पुसून, कुणा टवाळाने आपल्या मित्राची चेष्टा लिहून ठेवली होती. कागद हातोहात गेला, सगळे हसले, 'हा यांचा ज्ञानकोश!' असा निकाल लागला आणि चहा आला. त्या नोंदीचा 'इतिहास' उघडून आधीची आवृत्ती परत आणणे हे फार तर दोन मिनिटांचे काम. ते तिथे बसलेल्या कुणीही केले नाही. प्रस्तुत लेखकानेही ते रात्री घरी जाऊन केले, हे कबूल केलेले बरे.

माझी तक्रार त्या टवाळाविषयी नाही. कागद फिरवणाऱ्यांविषयी आहे.

मुळात उत्पात (विध्वंसक संपादनाला मराठी विकिपीडियाने योजलेला हा शब्द मला फार आवडतो) हा या ज्ञानकोशाचा किरकोळ आजार आहे. शिवी चटकन दिसते आणि प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असल्याने चटकन पुसताही येते. इंग्रजी आवृत्तीत तर २०१० पासून 'क्लूबॉट एनजी' नावाचे स्वयंचलित यंत्र असली घाण माणसाच्या आधी उपसते. भय असते ते नीटनेटक्या वाक्यातल्या खोट्याचे. २००५ साली अमेरिकन पत्रकार जॉन सायगेन्थेलर यांच्या नोंदीत कुणीतरी लिहिले, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. वाक्यात शिवी नव्हती, व्याकरण ठीक होते. मे ते सप्टेंबर ते तसेच राहिले, कारण ते वाचून थबकेल असा जाणकार तिथे फिरकलाच नाही.

वाद मिटवण्याची यंत्रणाही आपण एकदा समजून घेतली पाहिजे. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून नियम आहे, की एकाच पानावर चोवीस तासांत तीनांहून अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवणाऱ्याला रोखता येते. त्याच वर्षी कामाला लागलेली लवाद समितीही मजकूर खरा की खोटा यावर निवाडा देत नाही. भांडणारे कसे वागले एवढेच ती पाहते. आपल्या प्राध्यापकी मनाला हे भलतेच वाटते. मग सत्य कोण ठरवणार? उत्तर असे, की तिथे कोणीच ठरवत नाही. कोणी, कुठे, काय म्हटले आहे, एवढेच नोंदवायचे असते. आणि ते नोंदवायला वाचलेली माणसे लागतात.

फिलिप रॉथ यांचे प्रकरण या दृष्टीने आपल्या वर्गात शिकवण्याजोगे आहे. 'द ह्यूमन स्टेन' ही त्यांची कादंबरी २००० सालची. तिचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकाच्या आयुष्यावरून सुचल्याचे म्हटले जाते, असे विकिपीडियाच्या नोंदीत होते. रॉथना ते साफ अमान्य होते. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन हे त्यांचे मित्र. वर्गात कधीच न दिसलेल्या दोन विद्यार्थ्यांविषयी त्यांनी उच्चारलेल्या एका शब्दावरून त्यांच्यावर वर्णद्वेषाचा आरोप आला, आणि कादंबरीचे बीज तिथले, असे रॉथ सांगत. २०१२ साली त्यांनी मध्यस्थाकरवी तो मजकूर काढायला सांगितले. प्रचालकाचे उत्तर आले, की लेखक हाच आपल्या कृतीचा मोठा अधिकारी हे मान्य, पण आम्हाला दुय्यम साधने लागतात. रॉथ यांनी 'न्यू यॉर्कर'च्या संकेतस्थळावर लांबलचक अनावृत पत्र लिहिले.

त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी विकिपीडियाची यथेच्छ टिंगल केली होती. विम्सॅट-बीअर्ड्स्ली आणि बार्थ वर्षानुवर्षे शिकवून, लेखकाच्या हेतूला अखेरचा शब्द मानू नका असे मुलांच्या वह्यांत लिहून देणारे आपण, लेखक रागावताच त्याच्या मागे उभे राहिलो! मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते, की प्रचालकाचे शब्द रुक्ष असतील, भूमिका बरोबर होती. पडद्याआडून आलेला निरोप हा पुरावा नव्हे. छापलेले पत्र हा पुरावा. पत्र प्रसिद्ध होताच रॉथ यांचे म्हणणे नोंदीत आले, आणि समीक्षकांनी ब्रॉयार्डचे नाव घेतले होते ही गोष्टही वाचकापासून लपली नाही. याहून शहाणा तोडगा कोणत्या विद्वत्परिषदेने काढला असता?

अर्थात ही पद्धत आपोआप चालत नाही. क्रोएशियन विकिपीडियावर काही प्रचालकांच्या गटाने जवळजवळ दशकभर आपल्या राष्ट्रवादी इतिहासाचा किल्ला राखला. यासेनोवात्सच्या छळछावणीची भीषणता सौम्य शब्दांत मांडली गेली आणि हरकत घेणाऱ्यांना रोखले गेले. २०१३ साली तिथल्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांस सावध करावे लागले. विकिमीडिया प्रतिष्ठानचा चौकशी-अहवाल २०२१ मध्ये आला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर कोणी दुष्टही नव्हते. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने मनोभावे हजारो लेख लिहिले, आणि हे २०२० पर्यंत चारचौघांत उघड झाले नाही. लहान वस्तीत जागल्या नसला की चोराचीही गरज उरत नाही.

मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा. त्याची वस्तीही लहानच, आणि तिचे प्रश्न इंग्रजी नियमांत न मावणारे. तुकाराम 'म्हणतो' की 'म्हणतात'? तटस्थतेचे तत्त्व ज्या भाषेतून आले तिला आदरार्थी बहुवचन ठाऊकच नाही. आपल्या समीक्षेत दोन्ही चाली आहेत. स्वतः तुकोबा नाममुद्रेत स्वतःचा एकेरीच उल्लेख करतात. यावर चर्चापानावर चार शब्द लिहायचे कोणी? ज्याने जन्मभर संतवाङ्मय शिकवले त्याने, की शाळकरी मुलाने?

२०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी नोंदीवरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. सायबर पोलिसांनी विकिपीडियाला नोटीस धाडली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. भावना दुखावल्या हे खरे असेल. पण पोलिसाला बखर वाचता येते का? महाराजांचा वध १६८९ चा. मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. तिने रंगवलेल्या प्रतिमेची झाडाझडती वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या आपल्या चरित्रग्रंथात घेतली. बखर कोणी, केव्हा, कोणाच्या आश्रयाने लिहिली हे विचारायला आपण दरसाल विद्यार्थ्यांना शिकवतो आणि त्यावर गुण देतो. तेच चर्चापानावर पृष्ठांकांसह मांडायचे, तर आपल्याला वेळ नसतो. मग ते काम ठाण्यात जाते.

'आम्ही लिहू, उद्या कोणी पोरटे पुसेल,' असे एक ज्येष्ठ मला म्हणाले. पुसेल. पुसलेलेही इतिहासात राहील, पुन्हा आणता येईल. केतकरांच्या ज्ञानकोशाविषयी आणि वाईच्या विश्वकोशाविषयी मला नितांत आदर आहे. पण संपादकांच्या खोलीत कोणता मजकूर कोणत्या वादानंतर गळला, हे त्यांच्या पानांवरून मला कळत नाही. इथे कळते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला आणखी काय हवे असते? खाडाखोडीसकट सगळी हस्तलिखिते तारीखवार समोर! असो.

त्या कवीची नोंद पूर्ववत केल्यावर सहज तिचे चर्चापान उघडले. कोणा अनामिकाने २०११ साली तिथे विचारले होते, की पहिल्या संग्रहाचे नोंदीतले साल प्रस्तावनेखालच्या तारखेशी जुळत नाही, तरी कोणाजवळ पहिली आवृत्ती आहे काय? खाली उत्तर नव्हते. ती आवृत्ती आमच्या ग्रंथालयात आहे. दुसऱ्या दिवशी काढून पाहिली. पाने अजून फाडायची होती. साल विचारणाऱ्याचेच बरोबर निघाले.