लेफ्ट बॅक नील टेलर आणि आपली मुलं



शनिवारी सकाळी चिखलात फुटबॉल खेळणारी आपली मुलं-मुली आता इकडे कमी नाहीत. थर्मास घेऊन कडेला कुडकुडत आपणही उभे असतोच. पण टीव्हीवर प्रीमियर लीगची मॅच लावली की आपल्यातला चेहरा शोधावा लागतो. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ९.३ टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत. मग हे सगळे जातात कुठे?

स्काउट आपल्या वस्त्यांत फिरकत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. पण थोडं आपल्या घरातही डोकावू या, आणि त्यासाठी नील टेलरचं उदाहरण घेऊ.

नील वेल्सचा, जन्म १९८९ चा. आई मूळची बंगाली. लहानपणी तो मँचेस्टर सिटीच्या अकॅडमीत होता आणि १५ व्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं. आपल्याकडे गोष्ट इथेच संपली असती. "झालं ना समाधान? आता जीसीएसईकडे बघ!" नील मात्र रेक्सममध्ये गेला. २००८ साली तो क्लब घसरून पाचव्या श्रेणीत पोचला, आणि तिथे हा पोरगा खेळत राहिला. २०१० मध्ये स्वॉन्झी, आणि पुढच्याच वर्षी स्वॉन्झीबरोबर थेट प्रीमियर लीग! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ग्रेट ब्रिटनच्या संघातही होता.

डिफेंडरचं काम आम्हा आयटीवाल्यांना बरोबर कळतं. सर्व्हर चालू आहे तोवर ॲडमिनचं नाव कोणी काढत नाही. बंद पडला की सगळ्यांना त्याचा फोन नंबर आठवतो. नीलचंही तसंच. ऑलिंपिकनंतर महिन्याभरात, सप्टेंबर २०१२ मध्ये, सुंदरलंडविरुद्ध त्याचा घोटा मोडला आणि जवळजवळ सगळा सीझन गेला. तो परत आला. युरो २०१६ मध्ये वेल्सच्या सगळ्या मॅचेस खेळला, टुलूझला रशियाविरुद्ध चक्क गोल केला (वेल्सकडून त्याचा हा एकच गोल), आणि वेल्स सेमीफायनलला पोचलं.

कारकीर्द निष्कलंक नाही. मार्च २०१७ मध्ये डब्लिनला त्याच्या टॅकलने आयर्लंडच्या शेमस कोलमनचा पाय मोडला. रेड कार्ड मिळालं आणि ते योग्यच होतं. स्वतः त्या दुखण्यातून गेलेल्या माणसाकडून हे व्हावं, याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं. पुढे ॲस्टन व्हिलाबरोबर २०१९ मध्ये तो पुन्हा प्रीमियर लीगमध्ये आला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला.

म्हणजे नाकारला गेल्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं! आपण मात्र खेळाकडे एंट्रन्स परीक्षेसारखं बघतो. पहिल्या यादीत नाव नाही, तर विषय बंद. इथे पहिल्या यादीखाली चार-पाच श्रेणी आहेत, तिथेही पगारी खेळाडू असतात, आणि तिथून वर येता येतं. शिवाय क्लबची १६ ते १८ वयाची स्कॉलरशिप असते, तिच्यात खेळाबरोबर शिक्षणही चालू राहतं. आपल्या कितीतरी पालकांना हे ठाऊकच नसतं. दहावी-अकरावीच्या वर्षी मुलाचे बूट माळ्यावर टाकण्याआधी क्लबमध्ये एवढं तरी विचारून यावं.