फुकटच्या चोपडीची किंमत

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या मेव्हण्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातली दोन लोखंडी कपाटेही पाण्याखाली गेली. सिमेंटच्या गोणींचे दगड झाले, रंगाचे डबे वाहून गेले. पण मेव्हणे हळहळले ते कपाटातल्या चोपड्यांसाठी. मालाचे नुकसान विम्यातून निदान थोडेफार भरून येते. कुणाकडे किती येणे आहे, हे विमा कंपनी सांगू शकत नाही. चिखल उपसून झाल्यावर त्या भिजलेल्या खतावण्यांची पाने सुटी करायला घरातली बायकामुले आठवडाभर गच्चीवर बसली होती. निम्मी उधारी शाईबरोबर गेली. उरलेल्यातली बरीचशी लोकांनी आपणहून येऊन सांगितली, म्हणून वसूल झाली.

अशा माणसाला 'हिशेब मोबाइलवर ठेवा, तो भिजत नाही' हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुलाने एक फुकटचे अ‍ॅप उतरवून दिले आणि कीर्द-खतावणीचा कारभार बोटावर आला. बिल निघू लागले, उधारीची आठवण ग्राहकाच्या फोनवर परस्पर जाऊ लागली, रात्री दिवसभराचा गल्ला एका नजरेत दिसू लागला. "भावोजी, एक पैसा घेत नाहीत बघा!" असे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितले होते. मीही मान डोलावली. फुकट ते पौष्टिक, ही आपली जुनी समजूत. तिच्यापुढे शहाणपण चालत नाही.

चार वर्षे हे सुरळीत चालले. मग २०२५ सालची घटस्थापना आली. त्याच दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले आणि सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बातमी मेव्हण्यांनी वाचली होती. सिमेंटचा दर अ‍ॅपमध्ये बदलायचा तर दुकानातल्या प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक प्रकारच्या गोणीचा वेगवेगळा बदलावा लागणार होता. सगळ्या मालाचा कर एका झटक्यात बदलण्याची सोय होती, पण ती पैसे भरणाऱ्यांसाठी. गिऱ्हाइकांची गर्दी, नवरात्राची गडबड. मुलाने दोन-तीन प्रकार बदलले आणि बाकीचे रात्री करू म्हणून ठेवले. त्या बाकीच्यांतल्या एका कंपनीच्या साठ गोणी दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त गुरुजींनी नेल्या. गावाकडे घराचा स्लॅब टाकायचा होता. २७० रुपये मूळ किमतीच्या गोणीवर २८ टक्के कर म्हणजे ७५ रुपये ६० पैसे. १८ टक्के म्हणजे ४८ रुपये ६० पैसे. गोणीमागे २७ रुपये, साठ गोणींचे १,६२० रुपये जास्त घेतले गेले.

गुरुजी आठ दिवसांनी बिल घेऊन आले. भांडले नाहीत. "तात्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढेच म्हणाले. मेव्हण्यांनी तिथल्या तिथे पैसे मोजून दिले. पण पुराच्या वेळी आपली राहिलेली उधारी स्वतः चालत येऊन सांगणाऱ्यांत हेच गुरुजी होते, ही गोष्ट त्यांना पुढे कित्येक दिवस झोपू देत नव्हती. त्या आठवड्यातली अशी चाळीसेक बिले निघाली. जास्त घेतलेला कर दुकानदाराला खिशात ठेवता येत नाही. तो सरकारात भरावा लागतो, नाहीतर ग्राहकाच्या नावे क्रेडिट नोट काढून हिशेब सरळ करावा लागतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीतला मुलगा या कामासाठी दोन दिवस दुकानात बसला. त्याची फी अर्थातच फुकट नव्हती.

यात सगळा दोष त्या अ‍ॅपचा, असे मी म्हणणार नाही. दर बदलायची जबाबदारी दुकानदाराचीच होती आणि कागदाच्या बिलबुकावरही हीच चूक होऊ शकली असती. पण कागदावर लिहिणारा माणूस आकडेमोड स्वतः करतो, म्हणून निदान एकदा थबकतो. यंत्राने छापलेला आकडा कुणी पाहत नाही.

खरी अडचण पुढे आली. वैतागून मेव्हण्यांनी ठरवले की आता विकतचे, नीट सॉफ्टवेअर घ्यायचे. चार वर्षांचा जमाखर्च तिकडे न्यायला गेले, तर फुकटच्या योजनेत तो फक्त छापील पानांच्या स्वरूपात बाहेर काढता येतो असे निघाले. दुसऱ्या संगणकाला वाचता येईल अशा तक्त्याच्या रूपात हवा असेल, तर आधी वर्गणी भरा! म्हणजे चोपडी तुमची, अक्षर तुमचे, येणे तुमचे. फक्त कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. मेव्हणे हट्टाला पेटले. शेवटी एका टायपिंग करणाऱ्या मुलीला बसवून सगळ्या ग्राहकांच्या बाक्या पुन्हा टिपून घेतल्या. बारा हजार रुपये लागले. तेवढ्यात त्यांच्या दुकानाला पुरेल अशा साध्या सॉफ्टवेअरची दोन-तीन वर्षांची वर्गणी सहज निघाली असती.

ही सॉफ्टवेअर करणारी मंडळी काही धर्मादाय संस्था चालवीत नाहीत, आणि त्यांनी तशा चालवाव्यात असेही नाही. त्यांनाही पगार द्यायचे असतात, संगणकांचे भाडे भरायचे असते. मग पैसा येतो कुठून? एक तर पुढे कधीतरी वर्गणी लावून. किंवा तुमच्या उलाढालीचा अंदाज घेऊन तुम्हाला कर्ज, विमा, पैसे घेण्याची यंत्रे विकून. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत व्यापारात नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, आवळ्याच्या बदल्यात इथे चोपडीच वाचायला मिळते. आमच्या सासऱ्यांच्या काळी कुणाची किती उधारी आहे हे घरच्या माणसालाही विचारायची पद्धत नव्हती. चोपडी उघडी टाकून मालक गल्ल्यावरून उठत नसे. आता अ‍ॅप उतरवताना मुलगा फोनमधल्या सगळ्या नावांची परवानगी एका बोटाने देऊन टाकतो. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला हे खरे. पण संमतीचा मजकूर वाचायचा कंटाळा कायद्याने जात नाही.

आमच्या पिढीला 'फुकट सॉफ्टवेअर' म्हटले की १९९० च्या दशकातली, कुणीतरी फ्लॉपीत घालून आणलेली चोरटी प्रत आठवते. तिच्याबरोबर व्हायरस यायचा. आणि २००५ साली महाराष्ट्रात व्हॅट आला, २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा चोरट्या प्रतीला नवे नियम शिकवायला कुणी आले नाही. आताचे फुकट चोरीचे नाही, उजळ माथ्याचे आहे. सरकारनेही ते दिले आहे. जीएसटी नेटवर्कने २०१९ साली, वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांसाठी हिशेबाचे आणि बिलाचे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिले होते. शिवाय मुक्त सॉफ्टवेअर म्हणून एक निराळा प्रकार आहे. जीएनयूकॅश किंवा मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट ही त्याची उदाहरणे. इथे किल्ली तुमच्याच हाती राहते, जमाखर्च हवा तेव्हा हलवता येतो. पण ते संगणकावर बसवणारा, बिघडले तर सावरणारा जाणकार लागतो, आणि तालुक्याच्या गावी असा माणूस मिळाला तरी दर रविवारी मिळत नाही.

रविवारचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लहान व्यवसायात हिशेबाचे काम कोण करते? पगारी हिशेबनीस परवडत नाही, म्हणून ते घरातले कुणीतरी करते. बहुतेक ठिकाणी बायको, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा. चकल्या-लाडवांचा घरगुती धंदा असो की शिवणकामाचा, रात्रीची जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर बिले जुळवत बसणारी बाई मी अनेक घरांत पाहिली आहे. फुकटच्या अ‍ॅपमध्ये जी गोष्ट नसते ती तिच्या वेळातून भरून निघते. आठवड्याचे दोन तास म्हणजे वर्षाचे शंभर. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात नावे पडत नाही.

आणि मुदतीचा प्रश्न उरतोच. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे दप्तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. आजचे अ‍ॅप सहा वर्षांनी असेल का? क्विकबुक्ससारख्या जगभर खपणाऱ्या, विकतच्या सॉफ्टवेअरनेसुद्धा २०२३ साली भारतातून गाशा गुंडाळला. तिथे ग्राहकाने पैसे मोजलेले होते आणि आगाऊ सूचनाही मिळाली होती. फुकट वापरणाऱ्याने कुठल्या पावतीच्या जोरावर जाब विचारायचा? म्हणून कुठलेही सॉफ्टवेअर घेताना, फुकटचे असो वा विकतचे, पहिल्याच दिवशी दहा बिले करून पाहावीत आणि ती तक्त्याच्या रूपात बाहेर काढून पाहावीत. निघाली नाहीत, तर अकरावे बिल त्यात करू नये.

मेव्हण्यांचा मुलगा आता दर महिनाअखेर सगळा जमाखर्च पेनड्राइव्हवर उतरवतो. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक चार्टर्ड अकाउंटंटकडे. सॉफ्टवेअरची वर्गणी दुकानखर्चात वीजबिलाखाली लिहिली जाते. मेव्हण्यांना तो आकडा अजून खटकतो. गुरुजींच्या घराचा स्लॅब पडला. खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे न्यायला ते मागच्या महिन्यात आले होते. बिल हातात घेऊन त्यांनी चष्मा लावला आणि सगळे आकडे एकदा तपासून पाहिले.