कागद आला कुठून?

सिल्वासाजवळच्या सायली, मसाट, रखोली या पट्ट्यातल्या कारखान्यांचे वसुलीचे दावे चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. वादपत्र तयार असते, कोर्ट फीची सोय झालेली असते आणि घोडे अडते ते कागदयादीपाशी.

२०१८ च्या दुरुस्तीने वाणिज्य न्यायालय कायद्यातील दाव्याच्या किमतीची मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. तेव्हापासून विकलेल्या मालाच्या पैशांचा साधा दावाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बदललेल्या आदेश ११ खाली येतो. दाव्याशी संबंधित जे जे आपल्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे ते सारे, आपल्या विरुद्ध जाणारे असले तरी, वादपत्रासोबतच द्यायचे. यादीत प्रत्येक कागद मूळ आहे, कार्यालयीन प्रत आहे की झेरॉक्स, त्यात पक्षकार कोण, तो कसा पाठवला वा मिळाला आणि कोणाकोणाच्या ताब्यातून आला, हेही थोडक्यात सांगायचे.

आता आपल्या कार्यालयातले खटले सांभाळणारे सॉफ्टवेअर उघडून पाहा. अशील, दावा क्रमांक, पुढची तारीख, फाईलचे नाव. बहुतेक कार्यालयांनी ते तारखा सांभाळायला घेतले आणि ते काम ते चोख करते. कागद कोणी, कोणाकडून, कसा आणला याला मात्र रकानाच नाही. त्यात स्कॅन केल्याची तारीख हीच कागदाची तारीख म्हणून बसते.

समजा, सायलीतल्या एखाद्या कारखान्याने भिवंडीला धागा पाठवला. ऑर्डर डिस्पॅचच्या कारकुनाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, बिल्टी ट्रकवाल्याकडे, चलनाची पोहोच गुजरातीत आणि तिच्यावरच ‘सहा कोन खराब’ असा शेरा. हा शेरा अशिलाला नको असतो, म्हणून ते चलन ‘खासगी’ फोल्डरमध्ये जाते. हे घातक आहे. वकील-अशील पत्रव्यवहाराला कायद्याचे संरक्षण आहे, गैरसोयीच्या चलनाला नाही. सॉफ्टवेअरमध्ये या दोहोंसाठी वेगळ्या खुणा हव्यात. शिवाय उघड करण्याची जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत चालू राहते, म्हणून यादी दाखल झाली की फाईल ‘पूर्ण’ म्हणून कुलूपबंद करणारी सोय आधी काढून टाका.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रकरण याहून नाजूक. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य. वाद होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला जणू बोटाचा ठसा, मागितले जाऊ लागले.

फाईलचे नाव बदलले, ती पेनड्राइव्हवर घेतली, तरी हॅश तोच राहतो. पण पीडीएफचे आडवे पान उभे करून सेव्ह केले की तो बदलला. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे पाठवलेले चित्र आकुंचन पावते, म्हणजे तेही बदलले. कित्येक सॉफ्टवेअर चढवतानाच फाईलवर शिक्का मारतात किंवा मजकूर शोधता यावा म्हणून तिच्यावर प्रक्रिया करतात. मूळ फाईल बाजूला जपली नसेल तर आपल्या हाती राहते ती वेगळीच फाईल. ‘एआय शोध’ विकायला येणाऱ्या प्रतिनिधींना मूळ फाईल जपता का, हे विचारले की बहुधा विषय बदलतो!

आमचे मत असे की, यासाठी नवे सॉफ्टवेअर घेण्याची घाई नको. आहे त्यातच ताब्याची साखळी, मूळ की प्रत आणि मिळाल्याची तारीख असे तीन सक्तीचे रकाने घालून घ्या आणि कागद कार्यालयात येईल त्याच दिवशी ते भरा. दावा दाखल करायच्या आदल्या रात्री कारकुनाला फोन करून ही माहिती मिळत नाही. तोवर तो कारकून नोकरी बदलून वापीला गेलेला असतो.

आणि एक चाचणी याच आठवड्यात करा. एक पीडीएफ घ्या, विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने तिचा हॅश काढा, ती सॉफ्टवेअरवर चढवा, परत उतरवून पुन्हा हॅश काढा. दोन्ही जुळले नाहीत, तर मूळ फाईल जशीच्या तशी जपण्याची अट मान्य होईपर्यंत पुढच्या एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) सही करू नका.