लपविलेली जखम

‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कटू गोष्ट योग्य व्यक्तीच्या तोंडून आली तरच ती पटते, असा तिचा व्यवहारातील अर्थ. परंतु तिचा शब्दशः अर्थही विसरण्याजोगा नाही. शरीराला छिद्र पाडणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे आणि तो हात दुसऱ्याचा असावा, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधाला वाहिलेला आहे. पाळी सूर्यप्रकाशात धरून, जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच ती टोचावी, असे तिथे सांगितले आहे. चुकीच्या जागी टोचल्यास कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरांना इजा होऊन ज्वर, दाह, सूज, मान ताठणे आणि आचके येणे असे उपद्रव होतात, असा इशाराही आहे. कानाच्या पाळीसारख्या निरुपद्रवी जागेबद्दल जर एवढी सावधगिरी, तर शरीराच्या इतर भागांबद्दल किती असावी?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. नाकातील चमकी, बुगडी, भिकबाळी यांच्यापलीकडे जाऊन आता जीभ, बेंबी, स्तनाग्र आणि जननेंद्रियाजवळची त्वचाही टोचून घेतली जाते. सुई आणि दागिना असलेला संच टपालाने घरी येतो. ही इच्छा कोणास सांगण्यासारखी वाटत नाही. म्हणून सज्ञान, शिकलेली तरुण मंडळीही दार लावून, आरशासमोर उभी राहून, स्वतःच्या हाताने हे काम उरकतात. नातवंडांसोबत राहणाऱ्या आजी-आजोबांना याची कल्पना नसते. आणि वाचकहो, हा मोह केवळ तरुणांचा आहे असेही नाही. कित्येक वर्षे बुजलेले नाकाचे छिद्र लग्नकार्याच्या आदल्या दिवशी सेफ्टी पिनने मोकळे करणाऱ्या आजीबाईही आपल्या घरांत असतात.

या गोष्टीच्या आवडी-निवडीचा न्याय करणे हे या सदराचे काम नाही. धोका कोठे आहे, एवढेच पाहू.

स्वतःच स्वतःला टोचताना जागा नीट दिसत नाही आणि आरशात दिशा उलटी दिसते. वेदना होताच हात थबकतो, सुई तिरकी जाते. गुप्तांगाजवळची त्वचा नाजूक असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही आणि सूज झपाट्याने वाढते. सुजेमुळे लघवी अडू शकते. दागिना आखूड असेल तर तो सुजलेल्या मांसात रुतून बसतो.

दुसरा भ्रम निर्जंतुकतेचा. सुई ज्योतीवर धरली, जंतुनाशकात बुडविली, म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. ज्योतीने सुईवर काजळी धरते आणि पुन्हा हाताळताच ती अस्वच्छ होते. रुग्णालयात उपकरणे दाबाखालील वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. स्वयंपाकघरात ते साधत नाही. सुई दुसऱ्या कोणी वापरलेली असेल, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग संभवतो. यांपैकी केवळ हिपॅटायटिस बीसाठी लस उपलब्ध आहे.

तिसरी गोष्ट कालावधीची. कानाची पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. कानाच्या वरच्या भागातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; ती भरण्यास अनेक महिने लागतात आणि तिथे पू झाल्यास कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. बेंबी आणि स्तनाग्र यांना ६ महिने ते वर्षभर लागते. एवढा काळ ती एक उघडी जखमच असते.

ज्येष्ठांनी तर स्वतःवर हा प्रयोग मुळीच करू नये. मधुमेहात जखम भरणे लांबते आणि जंतूंना अवसर मिळतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर लहान छिद्रातूनही रक्त वाहत राहते. हृदयाची झडप कृत्रिम असेल, तर रक्तात शिरलेले जंतू तिच्यावर ठाण मांडू शकतात. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचे तसेच. ज्यांच्या अंगावर जखमेचे जाड, वाढत जाणारे वण उठतात, त्यांनीही दूर राहावे. टोचायचेच असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून, एकदाच वापरावयाच्या निर्जंतुक सुईने, सराव असलेल्या व्यक्तीकडूनच टोचून घ्यावे.

आता समजा, घरातील कोणी हे आधीच करून बसले आहे आणि ते आपल्या ध्यानात आले. चालताना अवघडलेली चाल, कपड्यांवर रक्ताचा वा पुवाचा डाग, अंगात कणकण. अशा वेळी पहिला प्रश्न ‘हे काय केलेस?’ असा नसावा. ‘दुखते आहे का? ताप आहे का?’ असा असावा. पहिल्या प्रश्नाने दार बंद होते, दुसऱ्याने उघडते. अशा जखमेत दिवस बहुधा लाजेपोटीच वाया जातात, आणि पू पसरण्यास तेवढे दिवस पुरतात.

साधी देखभाल अशी : हात साबणाने धुतल्याखेरीज जखमेला स्पर्श नको. उकळून कोमट केलेल्या एक पेला पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्याने दिवसातून दोनदा हलकेच स्वच्छता करावी. हळद, खोबरेल तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, दाट जंतुनाशक यांपैकी काहीही लावू नये. दागिना फिरवत बसू नये. पू झाला आहे असे वाटले तरी तो आपण होऊन काढू नये. छिद्र वरून मिटते आणि पू आत कोंडतो. तो निर्णय डॉक्टरांचा. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवून त्यांना सांगावे.

ताप किंवा थंडी वाजणे, वाढत जाणारी लाली आणि सूज, जखमेपासून निघालेली तांबडी रेघ, दाबूनही न थांबणारे रक्त, लघवीला अडथळा, दागिना मांसात रुतणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जबडा आवळल्यासारखा वाटला, तर क्षणाचाही विलंब नको. सज्ञान रुग्णास डॉक्टरांशी एकट्याने बोलता येते आणि रुग्णाची गोष्ट गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असते. आपण सोबत जावे, परंतु दाराबाहेर बसावे.

एक नाजूक गोष्ट शेवटी. कोणी वारंवार स्वतःला टोचत असेल, वेदनेनेच मन हलके होते असे म्हणत असेल, तर ती दागिन्याची हौस नव्हे. ते मनाचे दुखणे असू शकते. रागावू नये, चेष्टा करू नये. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आपल्या घरात वडीलधाऱ्यांचा धाक असतो, आणि तो असावाही. मात्र दुखणे सांगताना तो आड येता कामा नये. नातवंडाला आपल्याजवळ संकोचाची जखमही उघडी करता आली, तर ती वेळेत भरेल. ज्येष्ठांनीही स्वतःपुरते हेच करावे : बुजलेले छिद्र, ठणकणारी पाळी, अडचणीच्या जागचे गळू, काहीही असो, ते सुनेला, लेकाला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.