चार हातांत कोयता नाही

अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भारतमाता रंगवली. हात चार: पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र, जपमाळ. कोयता कुठंच नाही!

मी गोदीत गोणी उचलतो, ओझं मला कळतं. बीडची बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांवर. पाळीत खाडा झाला की दंड. वर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग पिशवीच काढायची. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हाताऱ्या नव्हेत, कैक तर ऐन तरण्या.

मातेचा जयजयकार करणाऱ्यांनो, आधी फडावर संडास बांधा, पाळीचा खाडा भरपगारी करा. तोवर तुमच्या तसबिरीपुढं आमचे हात जुळायचे नाहीत.