‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’

इंग्रजी शिकणाऱ्या परकीयाची कोंडी नेमकी कोठे होते, हे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवले आहे: नित्य व्यवहारातल्या क्रियापदास एखादे इवलेसे अव्यय जडले की मूळ अर्थाचा मागमूसही न राहता निराळाच अर्थ उद्भवतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर एवढेच ज्यास ठाऊक, त्याने ‘गिव्ह अप’ म्हणजे त्यागणे किंवा हार पत्करणे, हे कोणत्या तर्काने ताडावे? आपल्या शाळांतला शिरस्ता असा, की अशा क्रियापदांची यादी फळ्यावर लिहावयाची आणि परीक्षेपुरती घोकून घ्यावयाची. हा शिरस्ता मोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ज्या किमयेपुढे मराठी विद्यार्थी बावरतो, ती त्याच्या मातृभाषेत प्रत्यही घडत असते.

‘त्याने तंबाखू सोडून दिली’ या वाक्यात कोणी कोणास काही देत नाही; ‘देणे’ स्वतःचा अर्थ विसर्जून निर्धाराची आणि पूर्णत्वाची छटा तेवढी वाहते. ‘बोलून बसला’ यात बसणे नाही, ‘खाऊन टाकले’ यात टाकणे नाही, हे शाळेत न गेलेले मूलही जाणते. ‘ईट अप’, ‘यूझ अप’ यांतला ‘अप’ याच ‘टाकणे’चा समानधर्मी आहे, मग तो परका कसा?

साम्य एवढ्यावरच थांबत नाही. ‘गिव्ह अप’पुढे ‘टू स्मोक’ लिहिणाऱ्या मुलास ‘विडी ओढणे सोडले’ हे वाक्य दाखवावे. आपणही ‘ओढायला सोडले’ म्हणत नाही, धातुसाधित नामच योजतो, आणि इंग्रजीतही त्या जागी ‘स्मोकिंग’ हेच येते. सर्वनामाची जागा मात्र खास इंग्रजी, ती वेगळी शिकवावी लागेल: ‘गिव्ह अप इट’ अशुद्ध, ‘गिव्ह इट अप’ शुद्ध. त्याचा दाखला घरोघरी पोहोचलेला आहे, कारण स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याच्या 2015 च्या सरकारी मोहिमेचे नावच ‘गिव्ह इट अप’ होते, आणि 1 कोटीहून अधिक ग्राहकांनी तिला प्रतिसाद दिला.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे, की या क्रियापदांच्या याद्या काढून त्यांच्या जागी मराठी संयुक्त क्रियापदांशी तुलना करणारे पाठ घालावेत, आणि इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानण्याचा दंडक शिक्षकांवरून उठवावा.