भिंतीवर नाव कुणाचं?



दशलक्षण पर्वात विधानाचं मंडल रेखणाऱ्या मुलींचं आपण तोंडभर कौतुक करतो. विधान संपलं की रंग पुसले जातात, मुलीही विसरल्या जातात. देणगीदारांचा फ्लेक्स मात्र वर्षभर भिंतीवर असतो. त्यात आमचंही नाव आहे, म्हणून हे आधी स्वतःलाच सांगते.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाची एक भिंत मागून घेऊया. तिथे दर महिन्याला परिसरातल्या कलाकारांना, मग ते कुठल्याही समाजाचे असोत, वहीच्या पानाएवढी चित्रं लावायला बोलवूया. मोठ्या चित्राच्या फ्रेमचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. लहान चित्र दोरीला चिमट्यानेही लागतं.

आणि लहान म्हणजे हलकं नव्हे. मूडबिद्रीच्या धवला ग्रंथातली बाराव्या शतकातली चित्रं ताडपत्राच्या अरुंद पट्टीवरच आहेत ना?

चित्र डोळे भरून पाहावं आणि रिकाम्या हाती घरी यावं, हाही अपरिग्रहाचाच पाठ. कुणी विकत घेतलंच, तर सगळे पैसे कलाकाराचे. भिंतीचा खर्च आपण गुप्तदानातून करू. चित्राखाली नाव फक्त चित्रकाराचं!

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या गावी मांडाल ना?